थंडीतली नदीसहल : घड्याळ उन्हाचं लावा!

डिसेंबर उजाडला, मुलांच्या नाताळच्या सुट्ट्या तोंडावर आल्या की घरोघरी एकच विषय निघतो. यंदा जायचं कुठं? गोवा झालं, महाबळेश्वर दोनदा झालं, राजस्थानही पाहून झालं. अशा वेळी घरातलं कॉलेजात जाणारं एखादं पोर हळूच सुचवतं, ‘आपण नदीवर जाऊ या. वल्ही मारत जायचं, काठावर राहायचं, मासे पकडायचे.’ कॅनडा-अमेरिकेत स्थायिक झालेल्या मामे-मावस भावंडांचे कॅनोतले फोटो त्यानं पाहिलेले असतात. कॅनो म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती, वरून उघडी, हलकी होडी. तंबू, शिधा, भांडीकुंडी तिच्यातच घालायची आणि चार दिवस पाण्यावरून भटकायचं.

कल्पना झकास आहे आणि ती अमलात आणायला परदेशी जायची गरज नाही. लखनौ म्हटलं की मराठी माणसाला बडा इमामबाडा, चिकनचे कुडते, कबाब आठवतात. गाण्याच्या घरात पं. भातखंडे आणि त्यांच्या पुढाकारानं १९२६ साली तिथं सुरू झालेलं संगीत विद्यालय आठवतं. नदी मात्र सहसा कुणाला आठवत नाही. पण नकाशा उघडा. शहराच्या मधून गोमती वाहते. उत्तरेला पाच-सहा तासांच्या अंतरावर, नेपाळच्या सीमेलगत, गिरवा आहे. पश्चिमेला इटाव्याच्या बाजूला चंबळ आहे. तिन्हींचा स्वभाव वेगळा आणि तिन्हींचे नियमही वेगळे.

अशी सहल आखताना बहुतेक मंडळी आधी तंबू, स्लीपिंग बॅग आणि गळ यांच्या किमती विचारायला धावतात. खरेदी नंतरही होईल. उत्तर प्रदेशातल्या हिवाळ्यात पहिला हिशेब मांडायचा तो उन्हाचा.

दिवस केवढा, पल्ला केवढा?

जानेवारीच्या सुरुवातीला लखनौत सूर्य सात वाजायच्या जरा आधी उगवतो आणि साडेपाचच्या आत मावळतो. मुंबईपेक्षा दिवस अर्ध्या तासानं लहान आणि संध्याकाळ पाऊण तास लवकर. त्यात धुकं! डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत गंगेच्या मैदानात असं धुकं दाटतं की दहा हातांवरचं झाड दिसू नये. नदीवर ते रस्त्यापेक्षाही उशिरापर्यंत रेंगाळतं. समोरून येणारी होडी, पाण्यात रोवलेले बांबू, पुलाचा खांब, काहीच दिसत नाही.

म्हणून हिशेब असा करावा. धुकं विरून ऊन पडायला सकाळचे दहा. संध्याकाळी तीनच्या सुमारास होडी काठाला लागलीच पाहिजे, कारण त्यानंतर ओले कपडे बदलणं, मुक्कामाची तयारी आणि स्वयंपाक हे सगळं उजेडात व्हायला हवं. हातात उरले पाच तास. त्यातला एक तास जेवण आणि विश्रांतीचा. संथ पाण्यात नवशिकं कुटुंब तासाला तीनेक किलोमीटर वल्हवतं. म्हणजे दिवसाचा पल्ला झाला बारा किलोमीटर. मुलं लहान असतील तर आठच धरा.

हे गणित न करता निघणारे हमखास फसतात. नैमिषारण्य ते लखनौ रस्त्यानं साधारण नव्वद किलोमीटर, ‘मग तीन दिवसांत नदीनं सहज येऊ’ असं त्यांना वाटतं. पण गोमती नागमोडी वाहते. नदीचं अंतर रस्त्यापेक्षा कितीतरी जास्त भरतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अंधार पडलेला, गाव दूर, पोरं कुडकुडताहेत आणि माणसं घाईघाईनं वल्ही मारताहेत. नदीवर अपघात होतात ते बहुधा अशाच घाईत.

कुठली नदी निवडाल?

पहिल्या अनुभवासाठी गोमती बरी. हिमालयाच्या बर्फाशी तिचा संबंध नाही. पिलीभीत जिल्ह्यात माधोटांड्याजवळच्या तळ्यातून ती निघते आणि भूजलावर पोसली जाते. त्यामुळे हिवाळ्यात तिचं पाणी कमी, पण ओढ सौम्य असते. सूतांनी शौनकादी ऋषींना जिथं पुराणं सांगितली असं आपण ऐकत आलो, ते नैमिषारण्य याच नदीकाठी, सीतापूर जिल्ह्यात आहे. तिथं धर्मशाळा आहेत, नावाडी आहेत, बाजार आहे. शहरातली गोमती मात्र सांडपाण्यानं मलीन झालेली आहे. तिथं फार तर घाटावरून फेरफटका मारावा.

गोमतीतले धोके साधे असतात, पण माहीत हवेत. कोळ्यांनी नदीत आडवे बांबू रोवून जाळी लावलेली असतात. तरीचे दोर कधी कधी पाण्याच्या पातळीला ताणलेले असतात. जलपर्णीचे गालिचे वल्ह्यात अडकतात. पुलांखाली जुन्या बांधकामाचे तुकडे आणि सळया असू शकतात. म्हणून पहिल्या दिवशी तरी त्याच पट्ट्यातला नावाडी सोबत असावा. त्याच्याइतकी नदी कुठल्याही नकाशाला ठाऊक नसते.

गिरवेची गोष्ट वेगळी. नेपाळमधून उतरणाऱ्या कर्णालीचा हा एक फाटा. बहराइच जिल्ह्यातल्या कतर्नियाघाट अभयारण्यातून ती वाहते आणि तिचं पाणी पुढं घाघरेत जातं. सुसरी, मगरी, कासवं आणि गंगेतले डॉल्फिन तिथं एकाच नदीत पाहायला मिळतात. तिथल्या लोकांच्या भाषेत हा डॉल्फिन म्हणजे ‘सूंस’. सरकारनं २००९ मध्ये त्याला राष्ट्रीय जलचर म्हणून जाहीर केलं. पण कतर्नियाघाट दुधवा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. तिथं स्वतःची होडी घालणं, काठावर तंबू ठोकणं किंवा गळ टाकणं चालत नाही. वन खात्याच्या बोटीतून फिरायचं आणि रात्री खात्याच्या विश्रामगृहात राहायचं. आरक्षण निघण्याआधीच करून ठेवावं.

चंबळचंही तसंच. १९७९ पासून ती राष्ट्रीय अभयारण्य आहे. नदी निर्मळ, कडे सुंदर. हिवाळ्यात पट्टकादंब आणि चक्रवाकांचे थवे उतरतात, वाळूच्या बेटांवर पाणचिरे दिसतात. बघावं, फोटो काढावेत. गळ घरीच ठेवावा.

तराईत उघड्यावर तंबू ठोकण्याचा मोह तर आवरावाच. उसाच्या शेतांत बिबटे आणि प्रसंगी वाघही दडतात. २०२४ मध्ये याच बहराइच जिल्ह्याच्या महसी भागात लांडग्यांच्या हल्ल्यांत अनेक जीव गेले आणि त्यांत बहुतेक लहान मुलं होती. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी भिंत आणि दार असलेल्या जागीच रात्र काढावी. दिवसाची सहल त्यानं मुळीच उणावत नाही.

पाणी अंगावर आलं तर?

‘आमच्याकडे सगळ्यांना पोहता येतं’ असं सांगून पुष्कळ लोक लाइफ जाकीट नाकारतात. विहिरीत आणि तलावात शिकलेलं पोहणं थंड पाण्यात भरवशाचं राहत नाही. पाणी १५ अंशांच्या खाली असेल आणि माणूस एकदम त्यात पडला, तर पहिल्याच क्षणी त्याची छाती आपोआप जोरात श्वास ओढते. त्या वेळी तोंड पाण्याखाली असलं तर पाणी थेट फुप्फुसात जातं. चांगले पोहणारेही यात सापडतात. हिमालयातून येणाऱ्या नदीचं जानेवारीतलं पाणी याच तापमानाच्या आसपास असतं.

कॅनडात बर्फगार पाण्यासाठी १-१०-१ असं एक सूत्र शिकवतात. पडल्यावर पहिलं मिनिट श्वास ताब्यात आणण्याचं. पुढची दहा मिनिटं हातपाय कामाचे असतात. तेवढ्यात होडी धरायची किंवा काठ गाठायचा. त्यानंतर शुद्ध हरपायला साधारण तासभर लागतो. आपल्याकडचं पाणी इतकं गार नसतं, पण क्रम हाच असतो आणि पहिलं मिनिट तरून जायला जाकीटच लागतं.

१८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. बोटीत माणसं जास्त होती आणि सगळ्यांच्या अंगात जाकिटं नव्हती. तलाव शहरातला, काठ समोर दिसणारा. तरीही हे घडलं.

तेव्हा माणशी एक जाकीट, तेही मापाचं. मुलाला जाकीट घालून पट्टे आवळावेत आणि खांद्यापाशी धरून वर ओढून पाहावं. ते कानांपर्यंत सरकलं तर माप मोठं आहे. लहान मुलांच्या जाकिटाला मांड्यांमधून जाणारा पट्टा हवाच. होडीत बसताना मधोमध पाय टाकावा, उभं राहू नये, जड सामान तळाशी आणि मध्यभागी ठेवावं. होडी उलटलीच तर तिला धरून राहावं. ती तरंगते आणि दुरूनही दिसते.

बाहेर आल्यावर पहिलं काम म्हणजे ओले कपडे काढून कोरडे घालणं. मग ब्लँकेटात गुंडाळावं आणि शुद्धीवर असेल तर गरम, गोड पेय द्यावं. हातपाय जोरानं चोळू नयेत. दारू तर मुळीच देऊ नये. तिनं ऊब वाटते, पण शरीरातली उष्णता उलट लवकर निघून जाते.

कपडे, खाणं आणि शेगडी

लखनौतली जानेवारीची पहाट सरासरी सात-आठ अंशांची असते. मैदानी भागात किमान तापमान चार अंश किंवा त्याखाली गेलं की हवामान खातं थंडीची लाट जाहीर करतं. असा अंदाज असेल तर सहल पुढं ढकलावी, त्यात कमीपणा नाही. जाड एका स्वेटरपेक्षा पातळ तीन थर बरे. अंगालगत सुती नको, कारण भिजलेलं सूत अंगाची ऊब ओढून घेतं. लोकर भिजली तरी बऱ्यापैकी उबदार राहते. कपड्यांचा एक पूर्ण जोड प्रत्येकी दुहेरी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावा आणि सहल संपेपर्यंत त्याला हात लावू नये. तो फक्त भिजल्यावर वापरायचा.

खाण्याची काळजी मराठी घराला शिकवायला नको. शेंगदाण्याचे लाडू, गुळपोळ्या, भाजणी, मेतकूट, मुगाच्या खिचडीचं तयार मिश्रण. लखनौत रेवडी आणि गजक मिळतेच. थंडीत शरीराला तूप-गूळ जास्त लागतो. पाणी मात्र आठवणीनं पाजावं, कारण गारठ्यात तहान कळत नाही.

आता शेगडी. उत्तरेत दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत त्याच बातम्या येतात. खोली उबदार राहावी म्हणून कोळशाची अंगीठी आत घेतली, दार लावलं आणि सकाळी कुणी उठलंच नाही. जळत्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. झोपलेल्या माणसाला काही कळत नाही. तंबू असो, धर्मशाळेची खोली असो किंवा गाडी. आत अंगीठी, शेगडी, गॅस स्टोव्ह काही पेटतं ठेवायचं नाही. झोपताना गरम पाण्याची रबरी पिशवी घ्यावी आणि अंथरुणाखाली जाड थर घालावा. अर्धी थंडी जमिनीतूनच येते.

गळ टाकायचा कुठं?

मासेमारीच्या हौशीनं निघालेल्यांना एक गोष्ट आधीच सांगायला हवी. थंडीत मासे कमी खातात. रोहू, कटला, मृगळ ही उष्ण पाण्यातली जात. पाणी गारठलं की त्यांची भूक मंदावते. मत्स्यशेती करणारेही हिवाळ्यात खाद्य कमी करतात. त्यामुळे पहाटे उठून काकडत गळ धरून बसण्यात अर्थ नसतो. दुपारी बारा ते तीन, ऊन पडलेल्या शांत, खोलसर पाण्यात कणकेच्या गोळीला काही लागलं तर लागलं.

डोळ्यांसमोर महासीर असेल तर बेतच बदला. जिम कॉर्बेटनं ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ’त नरभक्षक वाघांबरोबर या माशावरही एक प्रकरण लिहून ठेवलं. त्याची जागा वर डोंगरात, काली आणि सरयूच्या संगमावर पंचेश्वरसारख्या ठिकाणी. ऋतू वसंताचा किंवा पावसाळ्यानंतरचा, ऐन थंडीचा नाही. सोनेरी महासीर आता संकटग्रस्त आहे. परवाना घेऊन पकडायचा आणि जिवंत सोडून द्यायचा, हीच रीत.

लखनौच्या परिसरात रीतसर मासे पकडायचे तर तळी बरी. उत्तर प्रदेशात गावतळी मत्स्यपालनासाठी पट्ट्यानं दिलेली असतात. पट्टेदाराशी आधी बोलावं, पैसे ठरवावेत, मगच गळ टाकावा. ‘नदी काय, तळं काय, सगळ्यांचंच आहे’ हे तिथं चालणार नाही. कुणाचा तरी वर्षाचा संसार त्या माशांवर असतो. हात बसवायला महाराष्ट्रातही जागा आहेत. मुंबईत पवई तलावाकाठी महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन १९५५ पासून आहे.

आणि अभयारण्यात गळाला मनाई का, हे मुलांना नीट समजावून सांगावं. सुसर मासे खाते, माणसाच्या वाटेला जात नाही. १९७०च्या दशकात देशात जेमतेम दोनशे सुसरी उरल्या होत्या. १९७५ साली मगर प्रकल्प सुरू झाला, नदीकाठची अंडी गोळा करून लखनौच्या कुकरैल केंद्रात पिल्लं वाढवली गेली आणि मग नद्यांत सोडली गेली. एवढं करूनही डिसेंबर २००७ ते मार्च २००८ या एकाच हिवाळ्यात चंबळमध्ये शंभराहून अधिक सुसरी मरून पडल्या. त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली होती. माशांतून पोटात गेलेल्या विषारी द्रव्याचा संशय होता आणि थंडीनं त्यात भर घातली असावी, असं तज्ज्ञांना वाटलं. तुटलेली जाळी हा दुसरा शत्रू. सुसरीला श्वासासाठी वर यावंच लागतं. जाळ्यात अडकली की ती बुडून मरते.

सुसरीचं रक्त थंड. हिवाळ्यात तिला अंग तापवायला वाळूवरचं ऊन लागतं, आणि ऊन असतं तेही दहा ते तीनच. फोटोसाठी होडी जवळ नेली की ती पाण्यात सरकते आणि तिची कमाई त्या गार पाण्यात जाते. म्हणून लांबूनच पाहावं, दुर्बीण न्यावी, आवाज करू नये. मगर मात्र धोक्याची. काठावर मासे साफ करू नयेत आणि संध्याकाळी मुलांना पाण्याजवळ सोडू नये.

चार दिवसांचा आराखडा

मुंबईहून पुष्पक एक्स्प्रेसनं लखनौ साधारण चोवीस तासांवर. धुक्यात गाड्या रखडतात, म्हणून पहिला दिवस शहरासाठीच ठेवावा. कुकरैलला सुसरीची पिल्लं पाहावीत. राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोचं गंगा मत्स्यालयही लखनौतच आहे. जे मासे, जे प्राणी नदीत भेटणार त्यांची ओळख आधी झाली की मुलांचं कुतूहल दुणावतं.

दुसऱ्या दिवशी धुकं विरल्यावर नैमिषारण्याला जावं आणि दुपारी दोन तास नावाड्यासोबत सराव करावा. कॅनो तिथं भाड्यानं मिळेल असं धरून निघू नये. हवेनं फुगवायची स्वतःची न्यावी, नाहीतर नावाड्याची लाकडी होडी ठरवावी. तिसरा दिवस पूर्ण नदीचा. दहाला निघायचं, तीनला थांबायचं, ठरलेल्या घाटावर गाडी उभी. चौथ्या दिवशी दुपारी तळ्यावर गळ आणि संध्याकाळी परत लखनौ. सवड असेल तर आणखी दोन दिवस काढून कतर्नियाघाट करावं.

निघण्यापूर्वी एका कागदावर कुठून कुठं, किती वाजता, कोणकोण, नावाड्याचा फोन नंबर हे सगळं लिहावं. एक प्रत लखनौतल्या ओळखीच्या घरी, एक मुक्कामाच्या जागी ठेवावी. तिथल्या पोलीस ठाण्यात आणि ग्रामप्रधानालाही कल्पना द्यावी. ‘पाचपर्यंत फोन आला नाही तर ११२ नंबर लावा’ हे त्या कागदावर ठळक लिहावं. आणि सकाळी घाटावर, होडी सोडण्याआधी, आधी जाकिटं मोजावीत आणि मग माणसं. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर होडी काठालाच राहू द्यावी.